गप्प म्हणजे ठीक

माझ्या नाकावर राग असतो असं आमच्या विभागात सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. खुर्ची वापरून झाली की टेबलाखाली सरकवायला माणसाला असा कितीसा वेळ लागतो? तरी वर्षातून चारपाच वेळा माझी नडगी फुटते, मी आवाज चढवतो आणि मग आठवडाभर सगळ्या खुर्च्या शहाण्यासारख्या वागतात. दाराजवळच्या खुंटीपासून माझ्या जागेपर्यंत चौदा पावलं आहेत. त्या खुंटीवर माझी पांढरी काठी असते आणि गेली दोन वर्षं तिच्या शेजारी माझ्या भाचीची.

मी जन्मापासून आंधळा आहे. यासाठी हल्ली बरेच गोड शब्द निघालेत, ते ज्यांना हवेत त्यांनी वापरावेत. घराण्यातला हा दोष ताईला सोडून गेला आणि ताईच्या मुलीत परत उगवला. बाळाची नजर कशावरच ठरत नाही हे कळलं त्या दिवशी ताईने मला फोन केला होता. रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "तुझ्यासारखी आहे रे. आता तूच बघ." मी बघणार म्हणजे काय, पण तिला काय म्हणायचंय ते मला कळलं होतं.

मी रक्तपेढीच्या संगणक विभागात सव्वीस वर्षं प्रोग्रॅमर आहे. खालच्या मजल्यावर मोठे फ्रीज आहेत, त्यांची घरघर फरशीतून माझ्या तळपायांपर्यंत येते. आमच्याकडून नऊ रुग्णालयांना रक्त जातं. रक्ताच्या पिशवीला मुदत असते. कोणत्या पिशव्यांची मुदत आज संपते आहे, त्याची यादी रोज सकाळी सहा वाजता प्रत्येक रुग्णालयाला आपोआप जाते. ती यादी पाठवणारा प्रोग्रॅम मी लिहिला, आणि तो कमांड लाइनवर चालतो. डोळस लोक तिला 'काळी खिडकी' म्हणतात. काळी असेलही. गुलाबी असती तरी माझं काही बिघडलं नसतं.

तिथे चित्रं नाहीत, बटणं नाहीत. आज्ञा टाइप करायची, एंटर मारायचं. उत्तर आलं तर ते स्क्रीन रीडर वाचून दाखवतो. हा स्क्रीन रीडर म्हणजे संगणकातला एक आवाज. माझा इतक्या वेगाने बोलतो की ऐकणाऱ्याला वाटतं डब्यात खडे हलवताहेत. मी तो एकाच कानात घालतो, दुसरा कान खोलीसाठी मोकळा ठेवतो. सगळा विभाग माऊस शोधत असतो तोवर माझं काम उरकलेलं असतं. याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू?

भाची अकरा वर्षांची असल्यापासून सुट्टीत माझ्याकडे यायची. मी तिला हीच काळी खिडकी शिकवली. पहिला धडा असा होता: काम नीट झालं की यंत्र काही बोलत नाही, बोललं की समजायचं, कुठेतरी बिघडलंय. "गप्प म्हणजे?" मी विचारायचो. "ठीक!" ती ओरडायची. पाढ्यासारखं घोटून घेतलं होतं मी ते तिच्याकडून. पुढे ती शिकली, परीक्षा देऊन आमच्याच विभागात लागली. घरी 'मामा, तू' आणि कामावर 'सर, तुम्ही', हा नियम तिने स्वतःच घातला आणि पाळलाही. तिचं टेबल माझ्या शेजारी होतं. तिच्या बोटांचा वेग ऐकून माझी छाती फुगायची.

मग त्याच कामासाठी नवी सिस्टिम आली. तीत सगळ्या खिडक्या, बटणं, रंगीत पट्ट्या. डोळसांसाठी छान, असं ऐकलं. भाचीने ती महिनाभर चाचपली आणि एक दिवस घरी जेवताना म्हणाली, "मामा, मी नव्यावर काम करणार आहे."

"का? कोणी जबरदस्ती केलीय?"

"नाही. मला करायचंय."

"अगं, टॅबची कळ मारत बटणाबटणावर फिरायचं, अनोळखी घरात भिंत चाचपत फिरावं तसं. जे काम तू दोन सेकंदांत करतेस त्याला तिथे अर्धं मिनिट लागेल."

"लागू दे. तिकडे सगळे 'तिसऱ्या पानावरचं बघ' म्हणतात, 'वरचं बटण दाब' म्हणतात, त्यांचं हसणंबोलणं त्याच्यावरच चालतं. मला त्यांचं तिसरं पान माहीत नाही. मी वेगवान आहे, पण एकटी आहे."

"मी आहे की शेजारी."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली आणि जेवायला लागली.

ते मला लागलं. दुसऱ्या आठवड्यात तिचं टेबल माझ्या शेजारून उठलं आणि ती खिडकीजवळच्या मोठ्या टेबलावर सगळ्यांत जाऊन बसली. माझ्या जागेपासून बावीस पावलं. मी मोजली, उगाच.

तिच्या शेजारी बसायचा तो आमच्यातला सगळ्यात जाड भिंगाचा प्रोग्रॅमर. त्याला सगळे चष्माच म्हणतात, मीही. नव्या सिस्टिमवर पहिल्याच महिन्यात या चष्म्याने घोळ घातला होता. त्याने एका रुग्णालयाची यादीची वेळ बदलली, सेव्ह दाबलं आणि डबा खायला गेला. नव्या सिस्टिमवर जुनी वेळ काढली की तिथल्या तिथे पुसली जाते, नवी मात्र सेव्ह झाल्यावरच लागते. एक रकाना रिकामा राहिला होता, म्हणून सेव्ह झालंच नव्हतं. तशी सूचना पानाच्या अगदी वर लाल पट्टीत आली होती, पण हा बसला होता पानाच्या तळाशी. दुसऱ्या दिवशी यादी गेली नाही, फोन आला, चष्म्याने कपाळावर हात मारला. सगळे पोट धरून हसले आणि त्याला विभागाला चहा पाजायला लागला. तेव्हापासून सेव्ह केलं की पान परत उघडून बघायची पद्धत पडली. ते प्रकरण कुणी कुठेही लिहून ठेवलं नाही. मीही तो चहा प्यायलो होतो.

त्यानंतर मॅडमनी मला बोलावलं. मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. बाई चांगल्या आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. त्या म्हणाल्या, "नवी सिस्टिम आपल्या अंध कर्मचाऱ्यांना वापरता येते का, याचा अहवाल वरून मागितलाय. तुमच्याइतकं कोणाला कळणार? येत असेल तर पुढच्या महिनाअखेर जुनं बंद करू. येत नसेल तर तुम्हा दोघांसाठी ते चालू ठेवू."

दोघांसाठी. म्हणजे माझ्या एका सहीवर भाचीचं टेबल कुठे असणार हेही ठरणार होतं. 'येते' लिहिलं तर माझी सव्वीस वर्षं महिनाअखेर कचऱ्यात, आणि या वयात मी एकेका बटणासाठी धडपडणार. 'येत नाही' लिहिलं तर ती परत माझ्या कोपऱ्यात. मी तीन आठवडे त्या अहवालाला हात लावला नाही.

मग तो सोमवार आला. चार नंबरच्या रुग्णालयातून तक्रार आली की शनिवारपासून यादीच मिळाली नाही. मुदत संपलेल्या अकरा पिशव्या फ्रीजमध्येच राहिल्या होत्या. त्यांतली एक एका रुग्णासाठी बाजूला काढून ठेवली होती. तिथल्या टेक्निशियनबाईंनी पिशवी हातात घेतल्यावर सवयीने लेबल वाचलं म्हणून वाचलो. रुग्णाला काही झालं नाही. पण त्या बाईंनी लेबल वाचलं नसतं तर?

संगणक प्रत्येक हालचालीची नोंद ठेवतो आणि त्या नोंदी माझ्याइतक्या झटपट विभागात कोणी वाचत नाही. पाच मिनिटांत मला सापडलं. शुक्रवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी भाचीने चार नंबरची जुनी वेळ काढून टाकली, नवी घातली आणि सेव्ह दाबलं. एक रकाना रिकामा होता. सेव्ह झालं नाही. जुनी वेळ गेली होती, नवी लागली नव्हती.

लाल पट्टी वर आली असणार. पण ती पट्टी करणाऱ्याने स्क्रीन रीडरला काही कळवायची सोयच ठेवली नव्हती, त्यामुळे आवाज गप्प राहिला. आणि माझी भाची त्या शांततेवर विसंबून पुढच्या कामाला लागली. ती कुणाच्या शिकवणीने विसंबली, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि मला आणखी एक गोष्ट जाणवली, तीही सांगून टाकतो. आत कुठेतरी मला बरं वाटलं. मी म्हणत होतो तेच खरं ठरलं होतं.

तासाभरात अहवाल लिहून काढला. 'नवी सिस्टिम अंध कर्मचाऱ्यांना सुरक्षितपणे वापरता येत नाही. शुक्रवारची घटना हा त्याचा पुरावा आहे. यात संबंधित कर्मचाऱ्याचा दोष नाही. तिच्याकडून ही चूक टळणं शक्यच नव्हतं.' लिहिताना चष्म्याची आठवण आली होती. मी स्वतःला म्हटलं, त्याचं वेगळं, आणि ती आठवण बाजूला सारली. भाचीला विचारलं नाही. ती बावीस पावलांवर बसली होती. साडेबाराला अहवाल पाठवून दिला आणि डबा उघडला.

तीन वाजता मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. भाचीचा आवाज बसला होता. सकाळीच तिने चार नंबरला फोन करून त्या टेक्निशियनबाईंची माफी मागितली होती, हे मला तेव्हा कळलं.

"मॅडम, चूक माझी आहे," ती म्हणाली. "सेव्ह झाल्यावर पान परत उघडून बघायचं असतं. सगळे बघतात. मी त्या दिवशी बघितलं नाही."

"अहो, स्वतःला असं लावून घेऊ नका," मॅडम म्हणाल्या. आवाजात नुसती माया होती. "सरांनी सगळं लिहिलंय. तुमचा काही दोष नाही. आम्हीच तुमच्याकडून अशी अपेक्षा ठेवायला नको होती."

भाचीची खुर्ची करकरली.

"उद्यापासून तुम्ही दोघं जुन्यावरच काम करा. टेबल परत सरांच्या शेजारी लावून घेऊ, तुम्हालाही सोयीचं पडेल. अवघड काम जरा कमी करू. ठीक आहे ना?"

"ठीक आहे," मी म्हणालो. दोघांच्या वतीने.

बाहेर पॅसेजमध्ये तिने माझी बाही पकडली. "तू लिहिलंस? 'टळणं शक्यच नव्हतं'?"

"अगं, तुझ्यावर काही येऊ नये म्हणून. नोकरीवर आलं असतं."

"शक्य होतं, मामा. शक्य होतं! मी आळस केला. शुक्रवार होता, घाई होती, मी परत उघडून बघितलं नाही. चष्म्यानेही नव्हतं बघितलं. त्याची चूक झाली तर सगळ्यांनी चहा प्यायला. माझी झाली तर अहवाल लिहिला, आणि तो तू लिहिलास."

"मी तुला पाठीशी घातलं."

"नाही. माझी चूकसुद्धा तू माझी राहू दिली नाहीस." तिने बाही सोडली. "लोकांनी असं म्हटलं असतं तर मी भांडले असते. आता कुणाशी भांडू?"

तिची पावलं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिचं टेबल माझ्या शेजारी आलं. मला जे जे हवं होतं ते सगळं मिळालं. काळी खिडकी मिळाली, शेजारी भाची मिळाली, तिच्या बोटांचा तोच भरधाव आवाज मिळाला. तिने कामात एकही चूक केली नाही. मी काही विचारलं की "झालं, सर" एवढंच. आसपास कोणी नसलं तरी 'सर'. बसस्टॉपवर 'सर'. ताईकडे रविवारी जेवायला गेलो तर मला 'तुम्ही वाढून घ्या' म्हणाली, तेव्हा ताईच्या हातातली पळी थांबल्याचं मला ऐकू आलं. मोठ्या टेबलावर कोणी हसलं की शेजारी बोटं क्षणभर थांबायची आणि परत चालू व्हायची. चष्मा दोनदा येऊन तिला काही विचारून गेला. तिसऱ्यांदा आला नाही. कशाला येईल? तिच्याकडे आता ते तिसरं पानच नव्हतं.

दोन आठवडे मी स्वतःची समजूत घालत होतो की होईल नीट, वय आहे, राग आहे. मग एका संध्याकाळी ताईचा फोन आला.

"तुमच्या ऑफिसात तिचं ठीक आहे ना रे? घरी काही बोलत नाही. विचारलं की ठीक म्हणते. तुझ्याशी तरी बोलते ना?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. इतकी वर्षं 'ठीक' हेच उत्तर देत आलो होतो. फोन धरून मी खाटेच्या कडेवर बसलो आणि मला ते देता येईना.

"नाही, ताई," मी म्हणालो. "ठीक नाही. मीच केलंय ते." आणि मग सगळं सांगितलं. आत कुठेतरी बरं वाटलं होतं, तेही सांगितलं. शेवटी ताई म्हणाली, "मी तिला तुझ्या हवाली केली, ती तुझ्यासारखी व्हावी म्हणून नाही केली रे." मग म्हणाली, "मला काय सांगतोस? तिला सांग."

सकाळी मी आधी चष्म्याकडे गेलो. बावीस पावलं. त्याला म्हटलं, तुझा तो घोळ मला अहवालात लिहायचाय, तारखेसकट, आणि खाली तुझी सही हवी. तो गडबडला. "सर, ते तर... सगळे विसरले आता."

"म्हणूनच लिहायचंय. तुला डोळे असून ती पट्टी दिसली नाही. तिला ती ऐकू आली नाही. पट्टी वाईट आहे. आणि तुम्ही दोघांनी परत तपासलं नाही, ती दोघांची चूक. सारखीच."

तो बराच वेळ चष्मा पुसत असावा, कापडाचा आवाज येत होता. मग म्हणाला, "द्या, करतो सही."

दुसरा अहवाल मी त्याच्या टेबलावर बसून, नव्या सिस्टिमवर लिहिला. माझी फजिती झाली. 'पाठवा' हे बटण सापडायला मला अकरा वेळा टॅब मारायला लागला आणि दोनदा मी 'रद्द करा' वर थांबलो. चष्मा हसला नाही, याचा मला राग आला. अहवालात लिहिलं की सिस्टिम अंधांना वापरता येते, पट्टी दुरुस्त करावी, पहिला अहवाल मी मागे घेतो, आणि त्यातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. मॅडमनी तो वाचला आणि म्हणाल्या, "सगळं मिटलंय, तर आता कशाला उकरताय? तुमची जुनी सोय जाईल यात." मी म्हणालो, जाऊ दे. त्या म्हणाल्या, "ठेवा. बघते." त्या काय बघणार, मला माहीत नाही.

मग माझ्या जागेवर आलो. भाचीची बोटं चालू होती.

"ऐक," मी म्हणालो. "मी तुला वाचवायला तो अहवाल लिहिला नव्हता. मला जिंकायचं होतं. आणि तू मला परत शेजारी हवी होतीस. आता दुसरा लिहिलाय, मॅडमकडे दिलाय. त्यात चष्म्याचंही लिहिलंय. आणि तुझी चूक तुझ्या नावावर आहे."

बोटं थांबली. फ्रीजची घरघर तेवढी पायाखालून येत होती. ती काही बोलेना. मीही थांबलो. आयुष्यभर असल्या शांततेचा मी एकच अर्थ लावला होता आणि पुढच्या कामाला लागलो होतो.

"ऐकलंस का?" मी विचारलं.

"ऐकलं."

"मग?"

"मग काय. माझा राग गेलेला नाही अजून, मामा."

"बरं," मी म्हणालो.

ती उठली. तिची पावलं मोठ्या टेबलाकडे गेली, तिथे चष्मा काहीतरी म्हणाला, तिने त्याला काहीतरी उत्तर दिलं. ती परत यायला उठली होती की तिथेच बसायला, मला कळलं नाही. तिची खुर्ची मात्र तशीच मागे ओढलेली राहिली होती. आजवर ती कधी विसरली नव्हती. मी उठलो, हाताने खुर्चीची पाठ शोधली आणि ती टेबलाखाली सरकवली.